आवाज ऐकला, दिसलं नाही

विमानं बघायला जाणाऱ्या माणसांविषयी माझं मत वाईट होतं आणि ते मी कोणी न विचारता ऐकवत असे. प्रवासाला निघालेला माणूस विमानतळावर जातो, हे समजतं. कोणाला आणायला-पोचवायला जाणंही समजतं. पण ज्या विमानात आपण बसणार नाही, ज्यात आपल्या ओळखीचं कोणी नाही, त्याचा फोटो काढायला भर उन्हात कुंपणाबाहेर ताटकळायचं, त्याच्या अंगावरचा नोंदणी क्रमांक वहीत उतरवायचा आणि एखादं वेगळं, पाहुणं विमान येणार म्हटलं की रात्रभर झोपायचं नाही, हे मला रिकामपणाचं टोक वाटायचं. त्यात मी वाशिमचा. जिल्ह्यात तालुके सहा, विमानतळ एकही नाही. अकोल्याला शिवणीची धावपट्टी आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, पण तिथून रोजची प्रवासी विमानं काही उडत नाहीत. बाकी मग नांदेड, नाहीतर थेट नागपूर. जिथं एसटी वेळेवर येत नाही तिथल्या पोरानं विमानांच्या वेळा पाठ कराव्यात, याचा मला राग यायचा.

रागाचं कारण शोधायला बसलो तेव्हा ते मला माझ्या नोकरीत सापडलं. मी पटवारी होतो. सरकार तलाठी म्हणायचं, हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतं. वऱ्हाडात मात्र पटवारीच. उडणाऱ्या यंत्रांशी माझा संबंध आला तो हेलिपॅडपुरता. निवडणूक आली किंवा कोणी मंत्री आले की एखादं वावर नाहीतर शाळेचं मैदान शोधायचं, खड्डे बुजवून घ्यायचे, चुन्याचं वर्तुळ आणि त्यात इंग्रजी ‘एच’ काढून घ्यायचा, धूळ उडू नये म्हणून टँकरनं पाणी मारायचं. पाण्याची टंचाई असलेल्या गावात मी हेलिपॅडवर पाणी मारून घेतलेलं आहे. हेलिकॉप्टर उतरलं की शाळेची पोरं धावत सुटायची आणि त्यांना अडवायचं कामही आमच्याकडेच असायचं. आकाशातून जे येतं ते मोठ्या लोकांचं, आणि त्याच्याकडे तोंड वर करून बघणं म्हणजे लाचारी, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी याला स्वाभिमान म्हणत असे.

अशा माझ्या घरी बहिणीचा मुलगा अकरावीला शिकायला आला. पोरगं शांत, अभ्यासात बरं, खाण्यापिण्याची तक्रार नाही. सामानात एक जुना कॅमेरा आणि लांब भिंगाची एक लेन्स. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका माणसाच्या हाताखाली सुट्टीभर काम करून त्याच्याचकडून अर्ध्या किमतीत घेतलेली. आणि एक लांबोडी हिशेबाची वही, कापडी पाठीची. मला ती वही पाहून आधी बरं वाटलं. वाटलं, खर्च लिहितो.

वहीत विमानं होती. तारीख, वेळ, ठिकाण, विमानाचा प्रकार, कंपनी, नोंदणी क्रमांक, आकाश कसं होतं, फोटो मिळाला की नाही. आपल्याकडच्या विमानांचा क्रमांक ‘व्हीटी’नं सुरू होतो, बांगलादेशच्या ‘एस२’नं, युक्रेनच्या ‘यूआर’नं, हे मला त्या वहीतूनच कळलं. मी ती वही मधूनच उघडून मोठ्यानं वाचायचो, जेवणाच्या वेळी, बायको वाढत असताना. ‘घ्या, आज कतारचं विमान गेलं. आपली तूर विकली गेली असेल आता.’ पोरगं हसून घ्यायचं. मला वाटायचं, त्याला विनोद कळतो.

टोमण्यांना मी वर धाकाचीही जोड दिली होती. सरकारी माणसाला कायद्याचं भय दाखवायला फार लागत नाही. १९३७च्या विमान नियमांतला तेरावा नियम मी शोधून काढला: विमानतळावर आणि विमानातून परवानगीशिवाय छायाचित्रण करायला मनाई. दिल्लीत २०१० साली दोन ब्रिटिश हौशी लोकांना पकडलं होतं. विमानतळाजवळच्या हॉटेलात धावपट्टी दिसणारी खोली मागून ते विमानं टिपत बसले होते, आणि प्रकरण दंडावर मिटेपर्यंत त्यांना इथंच अडकून पडावं लागलं. ग्रीसमध्ये तर २००१ साली बारा ब्रिटिश आणि दोन डच माणसांना पकडून त्यांच्यावर हेरगिरीचा खटला भरला. पुढच्या वर्षी शिक्षा झाल्या. मग अपिलात सगळे सुटले. हे सगळं मी भाच्याला सांगितलं, फक्त शेवटचं वाक्य गाळून. तो म्हणाला, ‘मामा, ते सुटले ना पण.’ त्याला माझ्या आधीपासून ठाऊक होतं. त्याचे स्वतःचे नियमही होते: भिंतीच्या आत जायचं नाही, भिंतीवर चढायचं नाही, वायुसेनेचं विमान आलं की कॅमेरा खाली.

वाशिमला राहून तो पाहायचा काय, हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर गच्चीवर होतं. मुंबईहून नागपूर, रायपूर, कोलकात्याकडे जाणारी विमानं आमच्या डोक्यावरून जातात, आणि आखाताकडून बांगलादेश, थायलंडच्या दिशेनं जाणारी परदेशीही. दहा-अकरा किलोमीटर उंचीवरची ठिपक्याएवढी विमानं. हल्ली ती मोबाईलवर ओळखता येतात. विमान स्वतःच आपली ओळख, जागा, उंची आणि वेग सतत रेडिओवर सांगत असतं, १०९० मेगाहर्ट्झवर. जगभरात हजारो हौशी लोकांनी घराच्या छतावर छोटे अँटेना लावलेत, ते हे संदेश पकडून इंटरनेटवर टाकतात, आणि आपल्याला नकाशावर पिवळी विमानं सरकताना दिसतात. मधे काही आड येत नसेल तर एक अँटेना तीनशे किलोमीटर लांबचं विमानही टिपतो. मला हे ऐकून कुतूहल वाटायला हवं होतं. मी म्हणालो, ‘म्हणजे बघायचीसुद्धा गरज नाही. मोबाईलवरून उतरवून घे सगळं.’

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते नंतर फार महाग पडलं.

एका हिवाळ्यात मी त्याच्यासोबत नागपूरला गेलो. माझं एक कागदाचं काम होतं, त्याचं विमानाचं. समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा नुकताच, डिसेंबर २०२२मध्ये, खुला झाला होता. शेलूबाजारला चढलो आणि अडीच-तीन तासांत नागपुरात. वाटेत त्यानं मला सोनेगावच्या विमानतळाचा इतिहास सांगितला. मी झोपेचं सोंग घेतलं होतं, पण ऐकत होतो. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४९मध्ये, रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, चारही दिशांनी चार विमानं रात्री निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र यायची. टपालाच्या थैल्या एकमेकांत बदलल्या जायच्या आणि विमानं उजाडायच्या आत आपापल्या गावी परत. १९७३पर्यंत हे चाललं. देशाच्या मधोमध असण्याचा नागपूरला झालेला हा खरा फायदा. संत्री कुठंही पिकली असती.

त्याच मध्यावर असण्यामुळे नागपूरला अनपेक्षित पाहुणे येतात. आकाशात काही बिघडलं, कोणी आजारी पडलं की जवळचा मोठा विमानतळ नागपूरचा. २७ ऑगस्ट २०२१ला मस्कतहून ढाक्याला चाललेलं बिमान बांगलादेशचं बोईंग ७३७ असंच उतरलं. रायपूरच्या आसपास असताना कॅप्टन नौशाद आताउल कय्यूम यांना हृदयविकाराचा झटका आला होता. सहवैमानिकानं विमान सुखरूप उतरवलं. कॅप्टन तीन दिवसांनी नागपूरच्याच रुग्णालयात गेले. आणि मिहानमध्ये बोईंगनं बांधून दिलेलं दुरुस्ती केंद्र आहे, २०१५पासून चालू असलेलं. तिथं एअर इंडियाची मोठी विमानं येतात, ७७७ आणि ७८७. रोजच्या उड्डाणांत नागपूरकरांना ती सहसा दिसत नाहीत. भाच्याला त्या दिवशी एक ७७७ हवं होतं.

आम्ही वर्धा रस्त्याच्या बाजूला, भिंतीपासून चांगले लांब, एका चहाच्या टपरीपाशी थांबलो. त्यानं आधी वारा पाहिला. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. नागपूरच्या धावपट्टीच्या दोन टोकांना १४ आणि ३२ असे आकडे आहेत, म्हणजे १४० आणि ३२० अंशांची दिशा. वारा कळला की विमान कुठल्या टोकाकडून येणार ते कळतं आणि मग सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरायची. पोरगं हे सगळं पुटपुटत जागा बदलत होतं. तेवढ्यात मोटारसायकलवरून गस्तीचा एक जवान आला. आणि मी काय केलं? टपरीवाल्याशी बोलायला लागलो. चहात साखर जास्त झाली अशी तक्रार केली. मी या मुलाच्या सोबत नाही, असं दिसावं अशा तऱ्हेनं पाठ फिरवून उभा राहिलो. पोरानं जवानाला कॅमेरा दाखवला, वही दाखवली, कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं. जवानानं पानं चाळली, ‘भिंतीजवळ जायचं नाही’ एवढं बजावलं आणि गेला. भाच्यानं माझ्या पाठीबद्दल आजवर एक शब्द काढलेला नाही.

७७७ आलं. चौऱ्याहत्तर मीटर लांबीचं यंत्र डोक्यावरून जातं तेव्हा पोटात काहीतरी हलतं, हे कबूल करतो. पण त्यानं माझं मत बदललं नाही. उलट घरी येऊन मी शेजाऱ्यांना सांगितलं, ‘दिवसभर उभं राहून एक विमान पाहिलं, तेही दुरुस्तीला आलेलं.’ सगळे हसले. भव्य काही पाहिलं की माणूस पालटतो, यावर माझा फारसा विश्वास नाही. निदान मी पालटलो नाही.

पालटायला पुढच्या वर्षीचा श्रावण यावा लागला.

संध्याकाळ होती. आभाळ गच्च भरलेलं. भाचा धावत गच्चीवर गेला आणि त्याच्या मागे, कशासाठी कोण जाणे, मीही. मोबाईलवर त्याला एक ‘रुस्लान’ दिसलं होतं. अँतोनोव १२४, युक्रेनमध्ये तयार झालेलं चार इंजिनांचं अवाढव्य मालवाहू विमान, पंखांचा पसारा त्र्याहत्तर मीटरचा. जगात मोजकीच उरलीत. त्याचं थोरलं भावंड, सहा इंजिनांचं अँतोनोव २२५, १३ मे २०१६ला हैदराबादला उतरलं होतं. तेव्हा भाचा प्राथमिक शाळेत होता. ते जगात एकच होतं आणि फेब्रुवारी २०२२मध्ये कीव्हजवळच्या होस्तोमेल विमानतळावर युद्धात जळालं. ते आपल्याला कधीच दिसणार नाही, याची त्याला एखादा नातेवाईक गेल्यासारखी खंत होती. म्हणून हे रुस्लान दिसणं त्याच्यासाठी फार मोठी गोष्ट होती, आणि ते आमच्या घरावरून चाललं होतं. मालेगावकडून येत होतं. मोबाईलवरचं पिवळं चिन्ह वाशिमच्या अक्षरांवर चढत होतं.

ढग काही हटले नाहीत. आवाज आला. नेहमीच्या विमानापेक्षा जाड, खालच्या पट्टीतला, बराच वेळ रेंगाळणारा. पोरगं कॅमेरा डोळ्याला लावून त्या आवाजाच्या मागे गोल फिरत राहिलं. आवाज विरला तरी उभंच. मग कॅमेऱ्याचं झाकण लावून खाली आलं.

मला खरोखर वाईट वाटलं होतं, आणि त्या भरात मी त्याला मदत करायला गेलो. म्हटलं, ‘लिहून टाक ना. नंबर आहे, उंची आहे, वेळ आहे, सगळं मोबाईलवर आलं. घरावरूनच तर गेलं. आवाजही ऐकला आपण.’

तो म्हणाला, ‘मामा, मले दिसलंच नाही, तं मी कसं लिहू?’

‘अरे, पण गेलं ना?’

‘गेलं.’

‘मग?’

‘मंग काय? मले नाही दिसलं.’

त्यानं वही उघडली. पुढच्या पानांवर नाही, मागून. मी इतके महिने चेष्टेनं चाळलेल्या वहीला मागूनही सुरुवात आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मागच्या पहिल्या पानावर शीर्षक होतं ‘ऐकीव’. त्याखाली हैदराबादचं २२५. त्याखाली बांगलादेशचं ७३७. त्याखाली नागपूरचं ते प्रसिद्ध बोईंग ७२०: चार इंजिनांचं जुनं जेट, कॉन्टिनेंटल एव्हिएशन नावाच्या कंपनीचं, १९९१मध्ये सोनेगावला उतरलं आणि पुन्हा उडालंच नाही. धावपट्टीजवळ चोवीस वर्षं उभं राहिलं, २०१५मध्ये ओढून बाजूला नेलं. बोईंगनं ही जात एकूण १५४ एवढीच बनवली. नागपूरला जाऊन आलेल्या किती जणांनी ते पाहिलेलं, इंटरनेटवर त्याचे ढिगानं फोटो. याच्या वहीत ते ‘ऐकीव’मध्येच. त्या यादीच्या तळाशी त्यानं त्या दिवसाची तारीख घातली, विमानाचा प्रकार लिहिला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘आवाज ऐकला. दिसलं नाही. मामा सोबत होते.’

मी साक्षीदार झालो होतो.

त्या रात्री मी जेवलो नाही, पोट बरं नाही म्हणालो. खरं कारण आता सांगतो. पटवाऱ्याचं सगळ्यात मूळ काम म्हणजे पीकपाहणी. खरिपात आणि रब्बीत गावातल्या प्रत्येक शेतावर जायचं, बांधावर उभं राहून काय पेरलंय ते पाहायचं आणि गाव नमुना बारामध्ये लिहायचं. तोच सातबाऱ्यातला बारा. कर्ज, विमा, नुकसानभरपाई, खरेदी, सगळं त्या एका रकान्यावर. आणि मी माझ्या नोकरीच्या बहुतेक वर्षांत तो रकाना एका ओट्यावर बसून भरला. कोतवाल सांगायचा, ‘यंदा सगळीकडे सोयाबीनच आहे साहेब,’ की लिही सोयाबीन-तूर. कोणाचं आठवलं नाही तर मागच्या वर्षीचं उतरवून घे. वर चहा. माझ्या साझ्यातली गावं जास्त होती, कामं भरपूर होती, निवडणुका, जनगणना, टंचाई. ही सगळी कारणं खरी आहेत आणि आम्ही ती एकमेकांना नेहमी ऐकवायचो. पण तो मुलगा ज्या वहीत खोटं लिहिलं तर जगात कोणाचंही काही बिघडणार नव्हतं, जी कोणी तपासणार नव्हतं, तिच्यात एक ओळ न पाहता लिहायला तयार नव्हता. आणि माझ्या वहीवर माणसांची पोटं होती.

एक प्रकरण मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. गाव सांगत नाही. एका शेतकऱ्यानं रब्बीत दीड एकरात बियाण्याचा कांदा लावला होता. मोठा खर्च, मोठी आशा. माझ्या नोंदीत त्याच्या गटावर होता हरभरा, आदल्या वर्षीसारखा. गारपीट झाली. कांद्याचे फुलोरे देठासकट आडवे झाले. पंचनाम्यात कांदा आला, सातबाऱ्यावर हरभरा. दोन कागद जुळेनात. वरून विचारणा झाली. तेव्हा मला एवढंच लिहायचं होतं की पीकपाहणीची नोंद चुकली आहे, मी शेतावर गेलो नव्हतो. मी लिहिलं, ‘अभिलेखानुसार हरभरा.’ अभिलेख म्हणजे मीच. त्याला कोरडवाहूच्या दरानं पैसे मिळाले, तेही उशिरा. आळस माणसाचा होतो. तो मी स्वतःला कधीमधी माफ करू शकतो. ती दोन शब्दांची सफाई मात्र नाही. ती मी शुद्धीत, ताज्या शाईनं लिहिली होती.

आणि असा मी, त्या पोराला रिकामटेकडा म्हणत होतो.

मी निवृत्त झाल्यानंतर, १५ ऑगस्ट २०२१पासून, राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढायचा, जागेच्या खुणेसकट. आम्ही जुने लोक तिला नावं ठेवायचो. नेटवर्क नाही, म्हाताऱ्यांना जमत नाही. नेटवर्क खरोखरच नसतं. पण आमचा राग नेटवर्कवर नव्हता.

त्यानंतर मी भाच्याला प्रश्न विचारू लागलो, आणि त्याला माझ्या विचारण्याचा सूर बदललाय हे कळायला वेळ लागला. पहिल्यांदा तो टोमणाच समजला. त्यानं मला माल्योर्काची गोष्ट सांगितली. स्पेनच्या त्या बेटावरच्या पाल्मा विमानतळावर एका हौशी माणसानं जानेवारी २००४मध्ये एका पांढऱ्या बोईंग ७३७चा फोटो काढला. क्रमांक एन३१३पी. त्याला ते वेगळं वाटलं, एवढंच कारण. पुढे कळलं की हे विमान अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेसाठी उडत होतं, आणि त्याच सुमारास ते मॅसिडोनियातून खालेद अल-मस्री नावाच्या निरपराध जर्मन नागरिकाला उचलून अफगाणिस्तानातल्या तुरुंगात घेऊन गेलं. पत्रकारांनी असे हौशी फोटो आणि उड्डाणांच्या नोंदी जोडत जोडत ते गुपित उघडं केलं. ज्यानं फोटो काढला त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं जे समोर आलं ते टिपलं आणि तारीख घातली. त्यानं पाल्माला न जाता कोणाकडून ऐकून ती तारीख घातली असती, तर त्या फोटोशेजारच्या ओळीला काय किंमत उरली असती? हा प्रश्न भाच्यानं मला विचारला नाही. गोष्ट सांगून तो अभ्यासाला बसला.

मी त्याच्याबरोबर पुन्हा नागपूरला गेलो, आणि १६ एप्रिल २०२५ला अमरावतीचं बेलोरा विमानतळ सुरू होऊन मुंबईची एटीआर विमानं येऊ लागली तेव्हा तिथंही. एटीआर म्हणजे सत्तरेक माणसांचं पंख्याचं विमान, जाणकारांच्या लेखी काहीच नाही. पण कुंपणाबाहेर खेड्यापाड्यांतून आलेले लोक होते, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका होत्या, कडेवर पोरं होती. मी कोणाला लाचार म्हणायला गेलो नाही. माझा हात धरून एका म्हाताऱ्यानं विचारलं, ‘उतरते कुठून?’ मी वारा पाहिला आणि सांगितलं. चुकीचं निघालं. ते दुसऱ्याच बाजूनं आलं.

त्या शेतकऱ्याकडे जायला मला बरेच दिवस लागले. जायचं ठरवायचो आणि उन्हाचं निमित्त करायचो, मग पावसाचं. शेवटी गेलो. तो बांधावर होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं: हरभरा, कांदा, ओटा, ते दोन शब्द. त्यानं मला मधे अडवलं नाही.

‘पटवारी साहेब,’ तो म्हणाला, ‘तुमी वावरात आलेच नव्हते, हे मले तवाच माहीत होतं. मी तं वावरातच होतो ना.’

मी गप्प. त्यानं विचारलं, ‘पण आता काहून सांगून रायले?’ तेव्हा भाच्याची, वहीची, रुस्लानची गोष्ट सांगावी लागली. मला वाटलं, तो हसेल किंवा चिडेल. पैसे बुडालेल्या माणसाला विमानाची गोष्ट सांगणं तसं निर्लज्जपणाचंच. त्यानं माफ केलं असंही म्हणाला नाही, नाही केलं असंही नाही. मान वर करून आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘त्या पोराले इकडे घेऊन या. इथून रोज जातात. सकाळी ओलीत करतानी एक जाते, पांढरं. सांजच्याले दोन. आन् आठवड्यातून एखांद्या बारी एक लय मोठ्ठं जाते, त्याचा आवाज बी निराळाच. मी तं थांबून पायतो.’

किती वर्षं पाहतोय, विचारलं. म्हणाला, ‘वावरात हाओ तवापासून.’

घरी येऊन मी हे भाच्याला सांगितलं. वाटलं, तो खूश होईल. त्यानं वही ओढली, पेन उघडलं.

‘ते मोठं कोण्या बाजूनं येते मामा? उगवतीकडून का मावळतीकडून? इंजिनं चार हायेत का दोन? किती वाजता?’

मी विचारलं नव्हतं.